या नावाचं इथे कोणी राहत नाही

एकदा तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालं की ते कायमचं, की विश्वास सोडला तर तेही जातं, हा वाद आमच्या घराण्यात जुना आहे. आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. ती माणसं काँग्रिगेशनल पंथाची, कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या वळणाची. देवाने ज्याला धरलं त्याला तो सोडत नाही, हे आजोबांच्या अंगात मुरलेलं. आजी मात्र मेथडिस्ट घरातली, आणि मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला तो जॉन वेस्ली नेमकं उलटं सांगून गेलेला: माणूस कृपेतून घसरू शकतो, आणि परतही येऊ शकतो. जेवताना आजोबा बायबलमधला योहानाचा दहावा अध्याय काढायचे, "माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही." आजी भाकरी थापता थापता म्हणायची, "हिसकावून नाही घेणार, पण स्वतः उडी मारली तर?" मग आजोबा भाजी वाढायला सांगायचे.

पुढे १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आले, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचे आले, बाप्टिस्ट आले, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही आले. ज्या प्रश्नावरून युरोपात शतकानुशतकं ग्रंथ लिहिले गेले, माणसं पदावरून काढली गेली, त्याच्या दोन्ही बाजू एकाच बाकावर बसून एकच गीत गाऊ लागल्या. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. आत्या आजारी पडेपर्यंत तो आमच्याकडे जेवणाच्या वेळचा विषय होता.

आत्या लग्न होऊन ठाण्यात आली ती चरईत, आणि तिथलीच झाली. आठवडाभर नगरपालिकेच्या शाळेत बाई, रविवारी संडे स्कूलची टीचर. फ्लॅनेलच्या फळ्यावर कागदी पेत्र, कागदी होडी, कागदी मासे चिकटवत तिने किती पोरांना गोष्टी सांगितल्या असतील याची गणतीच नाही. मीही त्यातलीच. कुणी आजारी असो, कुणाचं लग्न मोडो, आत्या पिशवीत बायबल टाकून निघालीच. अशा बाईला अल्झायमर झाला.

लोक मला सांगायचे, बघ, सगळं विसरेल पण गीतं राहतील. काहींच्या बाबतीत राहतात, खरं आहे. आत्याच्या बाबतीत नाही राहिली. राहिली ती जांभळी नाक्याच्या बाजारातली घासाघीस. समोर कोणी असो, ती विचारते, "कसे दिले?" आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणते, "छे, काल तर कमी होते." प्रभूची प्रार्थना आम्ही तिच्यासमोर म्हणतो तेव्हा ती खिडकीबाहेर बघते.

एकदा चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, घेऊन घरी आले. त्यांनी सलाम केला, आत्यानेही केला, तो हात अजून आपसूक वर जातो. मग ते शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "बाई, येशूची आठवण करू या." आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, शाळेत चुकीच्या वर्गात शिरलेल्या पोराकडे बघायची तसं, आणि म्हणाली, "येशू? या नावाचं इथे कोणी राहत नाही. वरच्या मजल्यावर विचारा."

मी हसले. खोटं कशाला सांगू, मोठ्याने हसले. आतेभाऊ हसला नाही.

आतेभाऊ काही वर्षांपासून घोडबंदर रोडवरच्या एका सभेला जातो. तिथे 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात, साक्षी देतात, आणि तारण टिकवावं लागतं असं शिकवतात. त्या रात्री त्याने मला मत्तयाचा दहावा अध्याय वाचून दाखवला: जो मला माणसांसमोर नाकारील त्याला मीही पित्यासमोर नाकारीन. "आई नाकारतेय," तो म्हणाला. "तोंडाने नाकारतेय, आणि तिला पश्चात्ताप करता येत नाही. मग?" हे म्हणताना तो आईचं अंथरूण बदलत होता. मला त्याच्यावर चिडता आलं नाही. ज्या माणसाला आईच्या सार्वकालिक जीवनाची काळजी आहे तोच तिचं सगळं करतो, आणि ज्यांना तिच्या तारणाची शंभर टक्के खात्री आहे ते नातेवाईक सणाला फोन करतात.

मी त्याला येशूच्या शिष्याची, पेत्राची आठवण करून दिली. येशूला पकडून नेल्यावर महायाजक कयफाच्या वाड्यात शेकोटीपाशी पेत्रानेही हेच म्हटलं होतं, मी त्या माणसाला ओळखत नाही. तीनदा म्हटलं, शुद्धीवर असताना, शपथ घेऊन. "पण पेत्र नंतर रडला," आतेभाऊ म्हणाला. बरोबर होतं त्याचं. आत्याला रडायचंही माहीत नाही की कशासाठी.

तेव्हापासून मी हा विषय नव्याने वाचायला घेतला. सगळ्यात झटपट उत्तर मिळालं ते उथळसरच्या आमच्या ईस्ट इंडियन मैत्रिणीकडून. ती कॅथलिक. तिच्या चर्चचा हिशेब असा: मरणप्राय पापाने कृपा जाते, मग विश्वास शिल्लक असला तरी जाते. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हे स्पष्ट लिहून ठेवलं, आणि पापनिवेदनाचा संस्कार म्हणजे जहाज फुटल्यावर हाताला लागणारी दुसरी फळी, असंही म्हटलं. पण पाप मरणप्राय ठरायला पूर्ण जाणीव लागते आणि पूर्ण संमती लागते. "तुझ्या आत्येकडे दोन्ही नाही," मैत्रीण म्हणाली, "मग ती गमावणार काय? चल, चहा टाक." इतकं नेटकं उत्तर आमच्या प्रॉटेस्टंट लोकांकडे नाही, कारण आम्ही सगळा भार विश्वासावर टाकून बसलोय. कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे इफिसकरांच्या पत्रातलं वाक्य आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आता ज्या डोक्यात तो विश्वास होता ते डोकंच झिजत चाललं, तर तो ठेवायचा कुठे?

कॅल्विनपंथीयांनी १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेत या प्रश्नाचा निकाल लावला होता: खरे निवडलेले शेवटपर्यंत टिकतात, कारण देव त्यांना टिकवतो. गंमत अशी की ज्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांविरुद्ध ही सभा भरली, त्यांनी १६१० च्या आपल्या निवेदनात हा मुद्दा उघडाच ठेवला होता, शास्त्रात अजून शोधावं लागेल म्हणून. तो प्रामाणिकपणा मला दोन्ही बाजूंच्या ठाम विधानांपेक्षा आवडतो. ल्यूथरच्या मंडळींचं तिसरंच: विश्वास जाऊ शकतो, आणि तो गेला की तारणही.

डॉर्टच्या उत्तरात एक खोच आहे. जो सोडून गेला त्याचं काय? ते म्हणतात, तो मुळात आपला नव्हताच. त्याला आधार योहानाच्या पहिल्या पत्राचा: ते आपल्यातले असते तर आपल्याबरोबर राहिले असते. माझा संडे स्कूलमधला एक मित्र आता वाशीला राहतो आणि कशावरही विश्वास ठेवत नाही. भांडून गेला नाही, कडवटही झाला नाही. हळूहळू उपासनेला यायचा थांबला आणि एक दिवस सरळ सांगून मोकळा झाला. पण शाळेतल्या वयात, तरुणांच्या शिबिरात, त्याने रडत रडत केलेली प्रार्थना मी शेजारी बसून ऐकली आहे. ती खोटी होती असं मला कोणी सांगू नये. आणि ती खरी असूनही 'मुळात नव्हताच' या खात्यात जाणार असेल, तर माझी प्रार्थना कोणत्या खात्यात आहे हे मला मरेपर्यंत कळायची सोय नाही. ज्या शिकवणीने खात्री द्यायची तीच खात्री शेवटच्या श्वासावर ढकलते. आतेभाऊ म्हणतो, त्याने गमावलं. पाळकसाहेब म्हणतात, त्याला मिळालंच नव्हतं. त्या मित्राला दोन्ही ऐकवलं तर तो म्हणाला, "म्हणजे निकाल तोच, फक्त कलम वेगळं."

सुरुवातीची तारीख तरी कुठे नक्की असते? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मला तेव्हा सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली. रमाबाईंसारख्या बाईला आपलं आत येणं असं पुढेमागे करून सांगावं लागतं, तर दुसऱ्याचं बाहेर जाणं आपण कोणत्या दिवसावर लिहिणार?

तरीही इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय आहेच. आजीचं ते शस्त्र होतं. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. आजोबा म्हणायचे, ही नुसती ताकीद आहे, असं घडतं असं लिहिलेलं नाही. मला ते पटलं नाही. 'रुची घेतली', 'भागीदार झाले', एवढं सगळं ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस कल्पनेतला वाटत नाही. मात्र तो अध्याय लोक तिथेच मिटतात. चार ओळी पुढे तोच लेखक 'प्रियजनहो' म्हणतो आणि तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगली खात्री आहे असं लिहितो. ताकीद द्यायची ती ऐकू शकणाऱ्याला. आत्याला ताकीद देणार कोण, आणि ती ती ठेवणार कुठे?

आपल्याकडे हा झगडा ख्रिस्ती मंडळींनीच आणला असं नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत यावरून दोन पंथ पडले. वडकलै म्हणतात मर्कटन्याय: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तेवढं तरी त्याने करायचं. तेंकलै म्हणतात मार्जारन्याय: मांजर पिल्लाला मानेशी तोंडात धरून नेतं, पिल्लाने काही करायचं नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आजी-आजोबांचं भांडण तमिळमध्ये ऐकल्यासारखं झालं. पण दोन्हीकडे एक पिल्लू आणि एकच आई. तिसरं कोणी नाही. अडचण तिथेच असावी असं मला हल्ली वाटतं.

आतेभावाने एकदा ठाण्याचाच दाखला काढला. १३२१ साली इथे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाच्या चौघांनी जीव दिला पण ख्रिस्ताचं नाव सोडलं नाही: तोलेंतिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. "याच गावात," तो म्हणाला, "आणि आपण?" मी ती हकीकत वाचली. नंतर इथे आलेल्या आणि त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशाने ती लिहिली आहे. तेव्हा ठाण्यात नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती आणि हे चौघं त्यातल्या एका घरी उतरले होते. घरमालकाने बायकोला मारलं. ती काजीकडे गेली. साक्षीदार कोण, तर घरात उतरलेले परके धर्मगुरू. बोलावणं आलं, चौकशी धर्मावर गेली, महंमदाविषयी प्रश्न निघाला आणि उत्तराने त्यांचा जीव घेतला. म्हणजे नवऱ्याने बायकोवर हात टाकला नसता तर चौघं कदाचित पुढच्या जहाजाने निघून गेले असते, आणि त्यांचा विश्वास किती पक्का हे कुणाला, बहुधा त्यांनाही, कळलं नसतं. त्या नवरा-बायकोची नावं ओदोरिक देत नाही. मला वाटतं चर्च नावाची गोष्ट जास्त करून अशा पंधरा घरांचीच असते.

आणि ती घरं कसोटीला उतरत नाहीत तेव्हा काय होतं, याचीही जुनी नोंद आहे. रोमन सम्राट डेशियसने इसवी सन २५० च्या सुमारास फर्मान काढलं की प्रत्येकाने देवतांना अर्पण करायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. भाषा थेट कचेरीतली: मी नेहमीच अर्पण करत आलो आहे, आत्ताही आपल्यासमोर केलं, बळीचं चाखलं, तरी सही व्हावी. कित्येक ख्रिस्ती माणसांनी अर्पण केलं, कित्येकांनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरला तशी ही माणसं परत दाराशी आली. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना क्षमा करायचा चर्चला अधिकारच नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिलेला. त्याने आणि इतर बिशपांनी २५१ मध्ये बसून ठरवलं की प्रकरण पाहून, प्रायश्चित्त घेऊन, परत घ्यायचं. पण मला भिडलं ते मधलंच. तुरुंगात राहून ज्यांनी विश्वास टिकवला होता ते लोक पडलेल्यांसाठी चिठ्ठ्या लिहून देऊ लागले होते: याला शांती द्या, आमच्या वतीने. सिप्रियनला ते रुचलं नाही, शिस्तीचा माणूस होता. पण त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं ते मला लगेच समजलं. माझ्याकडे आहे, तुझं सांडलं, माझ्यातलं घे.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसवून खाट खाली सोडतात. येशू म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. कधी म्हणतो? 'त्यांचा विश्वास पाहून'. त्या गोष्टीत खाटेवरचा माणूस एक अक्षर बोलत नाही. हीच गोष्ट आत्याने फळ्यावर छप्पर लावून आम्हाला कितीदा सांगितली असेल, आणि आम्हा पोरांचं लक्ष सगळं त्या छपराच्या भोकाकडे. आणि पेत्र? तो नाकारणार हे सांगायच्या आधीच येशू त्याला म्हणतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. म्हणजे पेत्राचा विश्वासही पेत्राच्या एकट्याच्या जिवावर टिकला नव्हता.

मी हे सगळं आतेभावासमोर मांडलं तेव्हा मला वाटलं, झालं. तो म्हणाला, "दहा कुमारी." आणि गप्प बसला. मत्तय पंचवीस. दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या पाच शहाण्या, पाच मूर्ख. मूर्खांचं तेल संपतं, त्या शहाण्यांकडे मागतात, शहाण्या देत नाहीत, दार बंद होतं. तेल उसनं मिळत नाही. माझं सगळं म्हणणं त्या एका गोष्टीने आडवं होतं, आणि अजूनही पुरतं उभं राहिलेलं नाही. माझ्याजवळ एवढंच आहे की त्या पाचजणी झोपून उठल्या होत्या, धडधाकट होत्या, दुकानात चालत गेल्या. तेल आणायची वेळ त्यांना होती. खाटेवरच्या माणसाला कुणी म्हटलं नाही की जा, घेऊन ये. वाशीच्या माझ्या मित्राला कुमारींची गोष्ट लागू होऊ शकते. ते त्याचं तो बघेल, आणि मी त्याच्यासाठी प्रार्थना करायची सोडणार नाही, त्याला आवडो न आवडो. आत्याला ती लागू करणं मला क्रूरपणा वाटतो.

अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर मनाने आजारी होता. निवडलेल्यांना देव कधी सोडत नाही यावर त्याची श्रद्धा, आणि आपण एकटेच त्याला अपवाद, आपला कायमचा नाश झाला आहे, हा १७७३ पासूनचा ठाम समज. १८०० साली मरेपर्यंत तो समज हटला नाही. त्याचा मित्र जॉन न्यूटन याने ते कधीच मान्य केलं नाही. कूपरच्या तारणावर कूपरचा विश्वास नव्हता, न्यूटनचा होता. यातला कोणता विश्वास देवाने धरला असेल?

प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र तातडीचा होता, कारण पाळकसाहेब पुढच्या महिन्यात परत येणार होते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आक्षेप घेतला: करिंथकरांच्या पत्रात लिहिलंय की माणसाने आत्मपरीक्षण करून मग भाकर खावी, शरीर न ओळखता खाणारा दंड ओढवून घेतो. आत्या तर आरसा ओळखत नाही. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पौल ते पत्र गरिबांना उपाशी ठेवून स्वतः आधी जेवणाऱ्यांना लिहीत होता. अध्याय काढून पाहिला, तसंच आहे. ते आले, त्यांनी आत्याला भाकर दिली. "कशी दिली?" आत्याने विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "फुकट, बाई." तिचा अर्थातच विश्वास बसला नाही, पण खाल्ली.

आतेभावाची भीती गेलेली नाही. तो रोज आईच्या कानाशी कबुलीचं वाक्य म्हणतो, ती म्हणेल या आशेने. मी आता त्याला अडवत नाही. ती म्हणत नाही, तो म्हणतो, माझ्या हिशेबात चालतंय. परवा त्याने उलटा प्रश्न टाकला. माझी मुलगी पुण्याला असते आणि चर्चला जात नाही. त्याला मूलबाळ नाही. "उद्या तुझी आईसारखी गत झाली," तो म्हणाला, "तर तुझ्यासाठी छपरावर कोण चढणार? चौघं लागतात." मी नावं मोजायला लागले. उथळसरची मैत्रीण येईल, तिच्या जपमाळेसकट. वाशीचा मित्र विश्वासाशिवाय येईल पण खाट नक्की धरेल, हे चालतं की नाही माहीत नाही. मग मी त्याच्याकडे पाहिलं.

"मी आहेच गं," तो म्हणाला, "पण माझे गुडघे गेलेत. लिफ्टवालं घर बघ."